पंखावरचा जागल्या

आमच्या साहेबांसमोर 'साधारण' हा शब्द काढायची सोय नव्हती. 'साहेब, साधारण दहा मिनिटांत येतो' असं कुणी म्हटलं की ते चष्म्याच्या वरून बघत आणि विचारत, "साधारण दहा म्हणजे आठ की तेरा?" तळेगावच्या कारखान्यात ते गेज रूमचे प्रमुख होते. दाबाचे, तापमानाचे, जाडीचे, सगळे गेज त्यांच्या खोलीतून तपासूनच बाहेर पडत. मी शेजारच्या शॉपमध्ये टर्नर. लेथपुढे उभं राहून माझे गुडघे कामातून गेले, पण माप म्हणजे काय हे मला साहेबांची बोलणी खाऊन कळलं. "तुझ्या बोटांना कान नाहीत," ही त्यांची सर्वांत जहाल शिवी. ती खाल्ल्यावर हसावं की वाईट वाटून घ्यावं हेच समजत नसे.

'साधारण'च्या तावडीतून एकच बाई सुटली. निवृत्तीनंतर साहेबांनी मळवलीला एका बंगल्यामागची शेड घेतली, त्या बंगल्याची राखण करणाऱ्या मावशी. डोंगराकडच्या वाडीवरून त्या रोज चालत खाली यायच्या. साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, तुम्ही सकाळी किती वाजता येता?"

मावशी म्हणाल्या, "ऊन वट्यावर आलं की मी आलेच समजा, आबा."

आता बाईंची धडगत नाही असं मला वाटलं. साहेब मात्र त्या ओट्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. ह्यात चुकायला जागाच नाही." तेव्हापासून मावशींना सात खून माफ झाले.

निवृत्त झालेली माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडं खेळवतात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. साहेबांनी विमान बांधायला काढलं. खरंखुरं, आत एक माणूस बसेल असं, लाकडाचं आणि कापडाचं विमान. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. विचारणारं कुणी नव्हतं आणि विचारलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. लोणावळ्याच्या चिक्कीच्या रिकाम्या डब्यांत मापवार लावलेले स्क्रू, भिंतीवर पेन्सिलीनं काढलेल्या आकृत्या आणि मधोमध बरगड्या दिसणारा तो सांगाडा. परवानग्यांची फाइल तर विमानापेक्षा जड झाली होती. गावात त्यांना 'इमानवाले आबा' म्हणत. लोक थट्टा करत, पण रविवारी पाहुणे आले की त्यांना शेड दाखवायलाही आणत.

मला त्यांनी एकदा दोन पितळी बुचं करून आणायला सांगितली. ती द्यायला म्हणून मी गेलो आणि पुढची सात वर्षं दर रविवारी जातच राहिलो. तळेगावला सकाळच्या गाडीत आम्ही खिडकीशी समोरासमोर बसायचो. वडगाव सुटलं की साहेब गजांतून हात बाहेर काढायचे, पंजा सपाट करायचे आणि बोटांकडची बाजू हळूहळू वर उचलायचे. "बघ, वारा हात वर ढकलतोय. अजून तिरपा केला, अजून ढकलतोय. अजून थोडा... हा, पडला!" त्यांचा पंजा खरोखरच लटपटून खाली यायचा. "पंखाचंही असंच. वाऱ्याला किती तिरपा धरलाय, त्या कोनावर सगळं. विमान वेग कमी झाल्यानं पडतं असं लोकांना वाटतं. विमान कोनानं पडतं."

एकदा तिकीट तपासनीस आला आणि म्हणाला, "काका, हात आत घ्या." साहेबांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. कामशेत येईपर्यंत तो काळ्या कोटातला माणूस स्वतःचा पंजा बाहेर काढून बसला होता. "खरंच पडतो की हो," असं म्हणत उतरला. आमची तिकिटं बघायचं राहूनच गेलं.

ह्या कोनासाठी साहेबांनी जे यंत्र केलं त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं जागल्या. डाव्या पंखाच्या नाकाशी एक पितळी बूच वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला. प्रत्येक बुचाला मधोमध सुईएवढं भोक. भोकांपासून दोन बारीक नळ्या पंखाच्या पोटातून वैमानिकापुढच्या डबीपर्यंत गेलेल्या. त्या नळ्या सलाइनच्या होत्या, एका ओळखीच्या कंपाउंडरकडून आणलेल्या. वरची हवा आणि खालची हवा यांच्या दाबातला फरक डबीला कळायचा. कोन धोक्याजवळ आला की डबीतून भोंगा वाजायचा. गाव झोपलं तरी जागल्यानं जागं राहायचं असतं, तसं वैमानिकाचं भान सुटलं तरी ह्यानं ओरडायचं. ती दोन बुचं माझी. सुईएवढं भोक बरोबर मध्यावर पाडायला मला तीन रविवार लागले होते. सव्वीस बुचं साहेबांनी परत केली.

साहेबांचे काही नियम होते आणि ते देवाला सांगितल्यासारखे पाळले जात. गेज रूमच्या कोपऱ्यात एक ऐरण आणि हातोडी असे. एखाद्या गेजनं एकदा जरी चुकीचा आकडा दाखवला तर साहेब तो दुरुस्त करत नसत. ऐरणीवर ठेवून फोडत. मी एकदा म्हणालो, "साहेब, निदान का चुकला ते तरी बघू या." ते म्हणाले, "कारण सापडलं की माणूस माफ करतो. आणि माफ केलेला गेज पुन्हा बॉयलरवर जाऊन बसतो."

दुसरा नियम असा की एकदा तपासलेलं ते पुन्हा तपासत नसत. "दुसऱ्यांदा बघायचं असेल तर पहिल्यांदा काय गवत उपटत होतो का?"

आणि तिसरा खंडेनवमीचा. त्या दिवशी सगळा कारखाना झेंडूनं भरून जायचा. प्रत्येक जण आपापलं मशीन धुऊन पुसून त्याला हळदकुंकू लावायचा, नारळ फोडायचा. साहेब तेव्हा गेज रूमच्या दारात स्टूल टाकून बसायचे. "पूजा ह्या बाहेरच्या टेबलाच्या पायाची करा," म्हणायचे. नास्तिक नव्हते. टेबलाच्या त्या पायाला स्वतः हळदकुंकू वाहून, हात जोडून उभे राहायचे. पण आत चिमूटभर कुंकू न्यायची कुणाला परवानगी नव्हती. आम्ही मागून खूप हसायचो. ह्यामागे काही कारण असेल असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जागल्याची पहिली चाचणी आम्ही दोघांनीच घेतली, भाद्रपदातल्या एका उघडिपीच्या सकाळी. डावा पंख काढून टेम्पोवर आडवा बांधला, लोखंडी चौकटीत, तिरपा करता येईल असा. इंद्रायणीच्या कडेनं एक सरळ रस्ता आहे. दुसऱ्या टोकाला मावशी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या जाणाऱ्याला अडवत होत्या, "थांबा रं जरा, हिकडून इमान येतंय!" मी टेम्पो चालवत होतो, भोंग्याची डबी माझ्या शेजारी. मागे हौद्यात साहेब दांडा धरून पंख तिरपा करत होते आणि कोन ओरडून सांगत होते. "दहा! बारा! तेरा!" आणि "चौदा!" म्हणताच डबी अशी काही किंचाळली की मी ब्रेकच मारला. साहेब उतरले. "बोलला," एवढंच म्हणाले. मग मैलाच्या दगडावर बसून चष्मा पुसत राहिले. फार वेळ पुसत होते. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आता राहिले होते कॅप्टन. लोणावळ्यात राहणारे निवृत्त वैमानिक, अतिशय सभ्य माणूस. त्यांच्या मित्राची घाटमाथ्यावर खासगी धावपट्टी होती. विमान ते स्वतः उडवणार होते, पण एका अटीवर. जागल्या आपल्यासमोर वाजला पाहिजे. साहेबांनी दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस ठरवला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी नळ्या, बुचं, डबी सगळं तपासलं, शेडला कुलूप लावलं आणि एक किल्ली नेहमीप्रमाणे माझ्याकडे दिली.

त्याच वर्षी मी निवृत्त झालो होतो. खंडेनवमीला सकाळी आंघोळ करून बसलो आणि लक्षात आलं की आज पूजा करायला आपल्याकडे एकही यंत्र नाही. अडतीस वर्षं माझ्या लेथला मी ह्या दिवशी स्वतःच्या हातानं कुंकू लावलं होतं. आता तिथे दुसरा कुणी लावत असणार. मला घरात बसवेना. बायकोनं पूजेचं तबक भरून दिलं, ते पिशवीत घालून मी मळवलीची गाडी पकडली. सणाच्या दिवशी साहेब शेडवर येत नसत हे मला ठाऊक होतं.

मावशींनी कुंपणाजवळचे झेंडू तोडून दिले. "इमानाला बी दसरा पायजेच की," म्हणाल्या. मी इंजिनाला हळदकुंकू लावलं, नाकावरच्या पंख्याला लावलं. मग डाव्या पंखाशी गेलो. सगळ्या विमानात माझ्या हातचं काय, तर ही दोन पितळी बुचं. माझ्या लेथवरचं सगळ्यांत चांगलं काम. पाण्यात कालवलेलं कुंकू मी बोटानं वरच्या बुचावर टेकवलं आणि हात जोडले. खरं सांगतो, बरं वाटलं.

लगेच भीती वाटली. साहेबांनी पाहिलं तर? फडकं ओलं केलं आणि बूच घासून घासून पुसलं. इंजिन पुसलं, पंखा पुसला, फुलं मावशींना परत दिली. पितळ लखलखायला लागलं. पुसताना कुंकू भोकात दाबलं जातंय हे मला, अडतीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला, सुचलं नाही.

चाचणीच्या सकाळी कॅप्टन माझ्या शेजारी बसले. साहेब मागे. त्यांनी निघण्यापूर्वी काही तपासलं नाही, कारण तपासून झालं होतं. "बारा! तेरा! चौदा!" डबी गप्प. "पंधरा!" साहेबांचा आवाज जरा चढला. "सोळा!" पंख थरथरायला लागला, सगळा टेम्पो खडखडत होता. पंखानं वारा सोडला होता आणि जागल्या झोपला होता. कॅप्टन हळूच म्हणाले, "थांबवा." खाली उतरून साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं. एखादी नळी निसटली असेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू." साहेब म्हणाले, "तुम्ही वर असता तर पुढचा आठवडा नसता."

शेडवर परत आलो. कॅप्टन गेले. साहेब आत हातोडी आणायला गेले आणि मी पंखाच्या दोऱ्या सोडायला लागलो, तेव्हा मला दिसलं. वरच्या बुचाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका. खिशात वायरचा तुकडा होता. त्यातली एक तार सुटी करून मी भोकात घातली. वाळलेल्या कुंकवाचा कण बाहेर आला, खाली मातीत पडला. हे मी का केलं ते अजून मला नीट सांगता येत नाही. विचार करून केलं नाही. आधी पुसलं होतं तसंच पुन्हा पुसलं.

साहेब आले. डबी काढली, बुचं काढली, ऐरणीवर ठेवली. कारखान्यातून निवृत्त होताना ती ऐरण त्यांनी मागून घेतली होती. हातोडी उचलली आणि का कोण जाणे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. आणि मी म्हणालो, "साहेब, चहा टाकू का?"

"टाक," ते म्हणाले, आणि हातोडी मारली.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आत्ता ते रागात आहेत, उद्या सांगू. उद्या म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर वाटलं, आता सांगून काय उपयोग, डबी तर फुटली. पण मला भीती डबीची नव्हती. त्यांनी मला शेडमध्ये पुन्हा पाऊल टाकू दिलं नसतं, आणि माझ्याकडे तेव्हा दुसरं काही नव्हतं. रविवार जाऊ नयेत म्हणून मी गप्प बसलो, असं हे सरळ आहे. मी भित्रा माणूस आहे.

रविवार तरी कुठे राहिले? साहेब यायचे, पण काम करायचे नाहीत. कॅप्टनचे दोन-तीनदा फोन आले, ते त्यांनी घेतले नाहीत. मी म्हटलं, "दुसरा जागल्या करू, मी बुचं आणतो." ते म्हणाले, "बुचं तुझी चांगलीच होती. जोडणी माझी होती." आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत, "आता ह्या बोटांना कान राहिले नाहीत." एका रविवारी मावशींच्या स्टोव्हचा एक साधा स्क्रू त्यांनी आवळला आणि मला म्हणाले, "बघ रे, घट्ट बसलाय का?" ज्या माणसानं जन्मात दुसऱ्यांदा काही तपासलं नाही, तो मला स्टोव्हचा स्क्रू बघायला सांगत होता. मी बघितला. घट्ट होता. "आहे साधारण," असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

पुढे ते यायचेच बंद झाले. मावशी विचारायच्या, "आबा का येईनात? आमी कायी चुकलो का?" मी म्हणायचो, "तब्येत बरी नसते." त्यावर त्या म्हणायच्या, "तब्येतीला काय झालंय, मानूस मनानं बसलाय." बंगला विकला गेला, नव्या मालकानं शेड पाडायला काढली. विमान कॅप्टननी लोणावळ्याला नेऊन ठेवलं, वर ताडपत्री घातली. डावा पंख नेताना मोडला.

साहेब तळेगावातच पुतण्याकडे राहायला गेले. नवी सोसायटी, सातवा मजला. गेल्या पौषात मी गेलो. दुपारची वेळ होती, ते बाल्कनीत उन्हाला बसले होते. हात मांडीवर ठेवलेले, उजवा सारखा हलत होता. पुतण्याची बायको म्हणाली, घास भरवावा लागतो. मग मात्र माझ्यानं राहवेना. मी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं. खंडेनवमी, तबक, कुंकू, फडकं, तार, सगळं. काही गाळलं नाही.

माझं सांगून संपल्यावर त्यांनी विचारलं, "कुंकू ओलं होतं की कोरडं?"

"ओलं."

"कुठल्या बुचाला?"

"वरच्या."

त्यांचे डोळे बारीक झाले. गेज रूममध्ये व्हायचे तसेच. मला वाटलं, आता हातोडी पडेल, आणि पडू दे असंही वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

"वरचं भोक बुजलं तर वाजणार नाही," ते म्हणाले. "हे बरोबर आहे. चांगला विचार केलायस." आणि हसले. मोठ्या मायेनं हसले. "पण एक चूक राहिली तुझी. मी हातोडी उचलली तेव्हा तू समोर उभा होतास. हे खरं असतं तर तू तिथेच बोलला असतास. मी तुला ओळखत नाही का?"

"साहेब, खरं आहे. मी घाबरलो होतो. मावशींना विचारा, फुलं त्यांनीच दिली होती."

"मावशीही तुझ्याच बाजूनं बोलेल. चांगली बाई आहे ती." त्यांनी हलता उजवा हात कसाबसा उचलून माझ्या मनगटावर ठेवला. "माझ्यासाठी इथवर येऊन एवढं रचून सांगितलंस, बरं वाटलं मला. पण असं करू नये. माझे हात गेले होते, ते मी मान्य केलंय."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, तर ते मलाच समजवायला लागले. म्हातारपणी सगळ्यांचेच हात जातात, म्हणाले, त्यात तू वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.